सूर्त धरताना

माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात. त्यांपैकी सनईला किती लागतात, हा प्रश्न मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. कोणी विचारले असते तर मी मोठ्या दिमाखाने सांगितले असते, की एकही नाही. सनईची पत्ती ओठांत धरावयाची असते, दातांत नव्हे. माझ्या वडिलांच्या तोंडाचे साठीनंतर पार बोळके झाले होते आणि त्या बोळक्याने त्यांनी पुढे कित्येक वर्षे देवासमोर सनई वाजविली. दात हे चणे खाण्यासाठी दिलेले आहेत, वाजविण्यासाठी ओठ आणि छाती दिलेली आहे, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे पुढच्या दातांपुरते खरेच होते. दाढांविषयी ते कधी काही बोलले नव्हते.

मी व्यवसायाने मराठी प्राथमिक शाळेचा मास्तर. आता निवृत्त झालो आहे. सनई हा माझा व्यवसाय नव्हे. ती घराकडे चालत आलेली सेवा आहे. अंत्रूज महालातील ज्या देवस्थानात ही सेवा चालते त्याचे नाव येथे सांगत नाही. कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यात देवाचा काही दोष नाही आणि देवस्थानाचाही नाही. आमचा देव मूळचा सासष्टीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथील देवळे मोडावयास आरंभ केला, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून जुवारी ओलांडून अलीकडे आली, त्याच धामधुमीत आमचाही देव आला. देवाबरोबर भट आले, महाजन आले आणि एक वाजंत्री आला, असे आमच्या घरात सांगतात. याला कागदोपत्री पुरावा नाही. परंतु लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात नेहमी एकच विचार येई, की त्या वाजंत्र्याच्या काखेत सनई होती आणि ती त्याला वाजविता येत नव्हती. लपूनछपून नेलेल्या देवापुढे कोण वाजंत्री वाजविणार? नदी ओलांडून होईपर्यंत, आणि त्यानंतरही किती दिवस कोण जाणे, तो गप्प राहिला असला पाहिजे. पुढे मला पाच महिने गप्प बसावे लागले, तेव्हा या अज्ञात पूर्वजाची मला वारंवार आठवण झाली.

ज्यांनी सनई नुसती लग्नमंडपात दुरून ऐकली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. सनई म्हणजे वर निमुळती आणि खाली रुंद होत गेलेली लाकडी नळी. खालच्या टोकाला धातूचा पसरट प्याला, वरच्या टोकाला बारीक धातूची नळी, आणि त्या नळीवर बसविलेली दुहेरी पत्ती. ही पत्ती आधी ओलीत भिजवावी लागते. कोरडी पत्ती कुरकुरते, फार भिजली तर मलूल होते. सनईला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बोटाने भोक अर्धे झाकले, ओठ किंचित आवळले, वारा जरा अधिक दिला की सूर हलतो. एका भोकावर कितीतरी सूर दडलेले असतात आणि ते बोटांपेक्षा ओठांना आणि वाऱ्याला अधिक माहीत असतात. वारा लागतो तो फारसा पुष्कळ नव्हे, पण त्याचा दाब मोठा लागतो. आणि तो तुटू द्यावयाचा नसतो. गाल फुगवून त्यांत वारा राखावयाचा, तो ओठांतून सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावयाचा. लोहाराचा भाता दोन बाजूंनी चालावा तसे हे आहे. वाजविणाऱ्याच्या शेजारी बसून दुसरा एक जण एकच षड्ज अखंड धरून ठेवतो. त्याच्या वाद्याला आमच्याकडे सूर्त म्हणतात. दिसावयास सनईच, पण तिच्यावर बोटे नाचत नाहीत. जी थोडी भोके असतात ती सूर जुळविण्यापुरती. मेणाने बुजवून टाकलेली. जत्रेत लोक सनई ऐकतात, शामेळ आणि नगारा ऐकतात; सूर्त ऐकतो असे म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आता दाढेकडे येतो. वरच्या जबड्यातील डाव्या बाजूची ती दाढ तीन वर्षे कुरबुरत होती आणि मी तीन वर्षे लवंगेवर वेळ काढीत होतो. २०२२ च्या चतुर्थीत नेवऱ्या खाताना तिचा एक तुकडाच निघाला. विसर्जन होईतो कळ सोसली आणि अनंत चतुर्दशी उलटताच पणजीला एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. दाढ वाचण्यापलीकडे गेली होती. मुळे वाकडी होती म्हणून हाड थोडे कोरून, तीन तुकड्यांत ती काढावी लागली. काम सफाईने झाले. त्यांच्या हाताला मी बोल लावणार नाही. आरंभी त्यांनी एक कागद भरून घेतला होता. त्यात व्यवसाय या सदराखाली मी 'निवृत्त शिक्षक' असे लिहिले. खोटे काय लिहिले? वर सांगितलेच आहे, की सनई हा माझा व्यवसाय नव्हे.

निघताना त्यांनी सूचना दिल्या. वरच्या दाढांच्या मुळांजवळ गालाच्या हाडात एक पोकळी असते, ती नाकाशी जोडलेली असते. काही जणांत दाढेची मुळे आणि ती पोकळी यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते आणि माझे तसे आहे, हे त्यांनी क्षकिरणाच्या चित्रावर बोट ठेवून दाखविले. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्यावर पुढची सारी भरणी व्हावयाची असते. म्हणून जोराने नाक शिंकरू नये, तोंड मिटून शिंक दाबू नये, नळीने काही ओढून पिऊ नये, फुगे फुगवू नयेत. हे सारे सहा आठवडे पाळा, असे त्या म्हणाल्या. सनई वाजवू नका, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या कशाला म्हणतील? मला त्या वेळी कायद्याची केवढी सूक्ष्म बुद्धी सुचली होती, हे आठवले की आजही मान खाली जाते. फुगा म्हणजे फुगा, सनई म्हणजे सनई, असा निवाडा करून मी बसमध्ये चढलो.

कारण पुढे चौदा दिवसांनी नवरात्र होते.

गोव्याबाहेरच्या वाचकांना मखरोत्सव माहीत नसेल. नवरात्रात आमच्याकडील अनेक देवळांत देवतेची उत्सवमूर्ती सजविलेल्या मखरात बसवितात आणि रात्री कीर्तन झाल्यावर आरतीच्या वेळी ते मखर झोपाळ्यासारखे झुलवितात. सभामंडप माणसांनी इतका भरतो की आरतीसाठी उंचावलेला हात खाली घ्यावयास जागा राहत नाही. सनई, सूर्त, शामेळ, नगारा, घंटा, झांजा, सारे एकदम चालू असते आणि मखराच्या हेलकाव्याबरोबर लय हळूहळू वाढत जाते. ती कुठवर वाढवावयाची हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. मखर झुलविणाऱ्याचे खांदे, शामेळवाल्याचा हात आणि सनईवाल्याचा श्वास या तिघांनी एकमेकांकडे न पाहता ते ठरवावयाचे असते. नऊ रात्री हे चालते. चाळीस वर्षांत मी एकही रात्र चुकविली नव्हती. पत्नी रुग्णालयात होती त्या वर्षीही नाही. याचा मला अभिमान होता आणि तो कोणापासून लपूनही राहिला नव्हता.

आमच्याबरोबर सूर्त धरतो तो माझा पुतण्या. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तो पाळीवर कामाला जातो आणि पाळी बदलून घेऊन सेवेला येतो. नऊ वर्षे तो माझ्या डाव्या हाताला बसून एकच सूर धरीत होता. माझ्या वडिलांनी मला सात वर्षे सूर्तावर बसविले होते आणि आठव्या वर्षी सनई हातात दिली होती. मी पुतण्याला नवव्या वर्षीही दिली नव्हती. कोणी विचारले की मी म्हणत असे, त्याचा दम अजून पिकलेला नाही.

पहिल्या तीन रात्री सुरळीत पार पडल्या. डाव्या गालात थोडे ठणके, पण ठणक्याला कोण विचारतो? चौथ्या रात्री मखर चांगले लयीत आले होते, मी वरच्या षड्जावर चढत होतो, आणि एकाएकी माझा वारा हरवला. दुसरा शब्द मला सापडत नाही. छाती भरलेली होती, गाल फुगलेले होते, ओठ जागच्या जागी होते, आणि वारा मात्र पत्तीकडे न जाता दाढेच्या खड्ड्यातून वर शिरून नाकावाटे निघून जात होता. सनईतून एक चिरकी शीळ निघाली आणि ती बंद पडली. नाकातून काही उष्ण ओघळले. मी पंचाने नाक झाकले. नगारा चालू होता, मखर झुलत होते. अर्ध्या लोकांना काही कळलेही नसेल. पण माझ्या डाव्या हाताचा सूर तसाच चालू राहिला, आणि जिथे माझी सनई असावयास हवी होती तिथे एक मोठे भोक पडलेले मला ऐकू येत होते. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. सूर्त ओठांतून काढता येत नव्हती म्हणून त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. त्याच्या मांडीशी माझी दुसरी सनई पडलेली होती. मी तिच्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरविली. ती रात्र सनईवाचून पुरी झाली.

हे मान फिरविणे मी विसरलो असतो तर हा लेख लिहिला नसता.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य बाईंनी तोंडात दिवा धरून पाहिले, मला नाक चिमटीत धरून अगदी हलकेच वारा सोडावयास सांगितले, आणि खड्ड्यात बुडबुडे आलेले त्यांना दिसले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही करता तरी काय?" मी सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तो जुना कागद काढला, 'निवृत्त शिक्षक' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर 'सनईवादक' असे लिहिले. चाळीस वर्षांत माझ्या नावापुढे तो शब्द कागदावर प्रथमच लिहिला गेला, आणि तो अशा वेळी.

उरलेल्या रात्रींचे काय करावयाचे, यावर देवस्थानात खल झाला. महाजनांपैकी एकांनी सुचविले की बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची ध्वनिमुद्रिका लावावी. सूचना वाईट नव्हती आणि माणूसही वाईट नव्हे. देवळांत हल्ली आरतीचे नगारे आणि घंटा विजेच्या यंत्रावर वाजतात, तेथे सनईने काय घोडे मारले आहे? शिवाय खाँसाहेब ते खाँसाहेब. १९१६ ते २००६ एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांनी सनईला चौघड्याच्या माडीवरून उचलून मैफलीत नेऊन बसविले, २००१ मध्ये भारतरत्न झाले. आणि काशीला गंगेकाठच्या बालाजीच्या देवळात बसून त्यांनी तरुणपणी रियाज केला. देवळाच्या सनईवर त्यांचा हक्क माझ्याहून कमी आहे असे कोण म्हणेल? पाचव्या रात्री ध्वनिमुद्रिका लागली. मी मागे खांबाला टेकून ऐकत होतो. सूर असा की अंगावर काटा यावा. परंतु त्या सनईला मखर दिसत नव्हते. मखर लयीत आले तेव्हा ती आलापात होती. ती द्रुतात आली तेव्हा आरतीची निरांजने विझत होती. सहाव्या रात्रीपासून ती आपोआप बंद झाली. पुतण्या तेवढा सूर्त घेऊन बसला, आणि शामेळ, नगारा व एक सूर एवढ्यावर नवरात्र पार पडले. त्याला सनई घे असे मी तेव्हाही म्हणालो नाही, आणि मी म्हटल्यावाचून त्याने ती घेतली नाही.

आधी पू बरा होण्यासाठी औषधे झाली. मग कार्तिकात शस्त्रक्रिया झाली. गालाच्या आतल्या बाजूची मऊ त्वचा सैल करून ती पुढे ओढावयाची, खड्ड्यावर पांघरुणासारखी घालावयाची आणि टाके घालावयाचे, असे हे काम आहे. भोक बुजले. परंतु ते बुजविण्यास लागलेले मांस कोठून तरी यावयाचेच. ते आले माझ्या गालाच्या खिशातून. डाव्या गालाच्या आत वारा राखण्याची जी खोबण होती ती उथळ झाली. दंतवैद्य बाईंनी हे आधीच समजावून सांगितले होते. त्यांच्या दृष्टीने ती किरकोळ बाब होती आणि ज्याला नुसते जेवावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ती किरकोळच आहे. भात्याचा एक बाजूचा चामडी पडदा शिवून आखूड केला तर लोहाराला काय वाटेल, ते मला वाटले. तीन महिने काहीही फुंकावयाचे नाही, अशी या वेळी स्पष्ट आज्ञा झाली. आज्ञेत सनईचे नाव होते.

या काळातले एक माणूस सांगितले पाहिजे. आमच्या वाड्याच्या पलीकडे एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फेज शिकले, पुढे फेस्ताच्या आणि लग्नाच्या बँडात आयुष्यभर ट्रम्पेट वाजविला. आता सत्तरी ओलांडली आहे. पुढचे चार दात लावलेले आहेत. ते रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तें पितळ, हें लांकूड, पूण ओंठ तेच, मास्तर." त्यांनीच मला अमेरिकेच्या चेट बेकर नावाच्या ट्रम्पेटवाल्याची हकीकत सांगितली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात कोणी तरी त्याला मारहाण केली, त्यात त्याचे दात गेले. अखेर कवळी बसवावी लागली. ज्याचे नाव जगभर गाजले होते त्या माणसाला नवशिक्यासारखा पहिल्या सुरापासून आरंभ करावा लागला आणि १९७३ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये पुन्हा श्रोत्यांपुढे उभा राहिला. मी विचारले, पूर्वीसारखा वाजवीत होता काय? ते बराच वेळ विचार करून म्हणाले, की पूर्वीसारखा नव्हे, पण तोच वाजवीत होता. या उत्तराचा अर्थ मी अजून लावीत आहे. स्वतःविषयी ते एवढेच म्हणाले, "ओंठ विसरनात, पूण रागार जातात. घाय करूं नाकात."

ओठ खरोखरच रागावलेले होते. महाशिवरात्र झाल्यावर परवानगी मिळाली आणि मी दार लावून घेऊन पत्ती भिजविली. जुन्यांतली सर्वांत मऊ पत्ती निवडली होती. पहिला आवाज निघाला तो गाईच्या वासराचा. ओठ पाच मिनिटांत थरथरू लागले, तोंडाच्या कडांतून वारा गळू लागला. दर दोन सुरांनी मी थांबून नाकाखाली आरसा धरीत असे, कोठे भलतीकडून वाफ येत नाही ना हे पाहावयास. भीती ही दाढेच्या खड्ड्यापेक्षा खोल जाते. खड्डा बुजला आहे हे वैद्याने सांगितले, आरशाने सांगितले, तरी वरच्या षड्जाकडे जाताना छाती आपणहून आखडू लागली. जेथे पूर्वी एकदा पायरी निसटली तेथे आपण पुढेही अंधारात चाचपतो, तसे.

रोज पाच मिनिटे, मग सात, मग दहा. सनईवर चाललेली माझी ओढाताण पुतण्या बाहेरून ऐकत असावा. एक दिवस तो आत आला, सूर्त माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "काका, तुमी सूर धरात. हांव वाजयतां." आवाजात उद्धटपणा नव्हता, डोळे मात्र जमिनीकडे होते. एकाच सुरावर ओठ आधी बसू द्यावेत, हे त्याचे म्हणणे वैद्यकाच्या दृष्टीने बरोबर होते. माझ्या बाजूने उत्तर देण्यास काही उरलेच नव्हते. मी सूर्त घेतली.

सूर्त सोपी, असे मी आयुष्यभर समजत आलो होतो. सनईवाला दोन फिरतींच्या मध्ये चोरून दम घेऊ शकतो, सूर्तवाल्याला चोरी नाही. वारा तुटला की सगळ्यांना कळते, हे मी सात वर्षे भोगून पुढे तीस वर्षे विसरलो होतो. डावा गाल पुरेसा फुगत नव्हता म्हणून सारा साठा उजव्या गालात घ्यावयास शिकलो. त्यामुळे तोंड वाकडे दिसते, नातवंडे हसतात, हसोत. पहिल्या महिन्यात मी निम्म्या वेळी तुटत असे आणि मी तुटलो की पुतण्या थांबून वाट पाही.

आणि मग मला ते ऐकू आले. पुतण्याची बोटे चांगली होती, दम तर माझ्याहून मोठा होता. परंतु रंगात येऊन तो वर चढू लागला की त्याचा सूर केसभर चढे. वारा जोरात दिला आणि ओठ त्या मानाने सैल झाले नाहीत की पत्ती वर जाते; हा सनईचा धर्म आहे, आणि तो आवरणे हीच विद्या आहे. माझी सूर्त जागेवर होती, त्याची सनई तिच्या अंगावरून घसरून वर जात होती आणि दोघांत एक घासटणारी खरखर उमटत होती. मी त्याला थांबविले आणि मास्तरी आवाजात म्हणालो, की तू चढतोस. तो गप्प राहिला. पुन्हा तेच झाले. पुन्हा मी सांगितले. तिसऱ्यांदा मी विचारले, की हे तू शिकलास कोठे? मी वाजवितो तेव्हा अशी खरखर कधी ऐकलीस का?

तो म्हणाला, "ना. तुमी वयर वताले, मागीर हांवूय वतालों."

मी चढत असे, आणि माझ्यामागे तोही चढत असे. नऊ वर्षे, रंगात आलेल्या प्रत्येक रात्री, तो आपला सूर माझ्याबरोबर केसभर वर उचलीत होता, लय उतरली की माझ्याबरोबर खाली आणीत होता, आणि म्हणून ती खरखर कधी झाली नाही. ज्याच्यावर नजर ठेवून बाकीच्यांनी चालावयाचे तो ध्रुवच माझ्यासाठी जागचा हलत होता. अखंड वाऱ्यावर असा सूर न कळत सरकविण्यास जो ताबा लागतो तो माझ्यापाशी आजही नाही. आणि याचा दम पिकलेला नाही, असे मी गावभर सांगत होतो. लोकांना सांगितलेले कारण त्याच्या दमाचे होते; खरे कारण माझ्या जागेचे होते. सनई त्याच्या हाती दिली की मी कोठे बसावयाचे, याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी त्याला रागाने विचारले, की मग तेव्हाच का नाही सांगितलेस? हा प्रश्न किती मूर्खपणाचा होता, हे विचारतानाच कळत होते. तो चहा आणावयास आत निघून गेला.

त्या साली, म्हणजे २०२३ मध्ये, अधिक श्रावण आला आणि नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबले. पंचांगाने मला एक महिना जास्त दिला, असे मी तेव्हा म्हणत असे. या महिन्यांत आम्ही दोघे रोज बसलो. मी सूर हलवीत नसे. तो चढला की खरखर होई, खरखर झाली की तो ओठ सैल करून खाली उतरे. तोंडाने मी काही सांगत नव्हतो. तोंड गुंतलेले होते, हे एक बरे झाले. चाळीस वर्षे वर्गात बडबड करून जे शिकविले त्यातले किती कोणाच्या डोक्यात राहिले याचा मला भरवसा नाही.

सनईही हळूहळू परत आली. पूर्वीसारखी नव्हे. डाव्या गालाच्या उणिवेमुळे लांब फिरती मला आता दोन तुकड्यांत घ्यावी लागते, आणि वरच्या षड्जापाशी क्षणभर अडखळल्यासारखे होते. पहाटेच्या सेवेला मी वाजवितो. त्या वेळी देवळात भट, एक झाडणारी बाई आणि पारवे एवढेच असतात. पत्ती मऊ वापरतो. आवाज लहान झाला आहे. शेजारचे ट्रम्पेटवाले गृहस्थ एकदा पहाटे फाटकाबाहेर उभे राहून ऐकून गेले, असे दुसऱ्याकडून कळले. त्यांनी स्वतः त्याविषयी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

नवरात्राची चौथी रात्र आली. पुतण्या सनईवर, मी त्याच्या डाव्या हाताला सूर्त घेऊन. माझ्यामागे एक बारा वर्षांचा मुलगा दुसरी सूर्त घेऊन, मी श्वासाला कमी पडलो तर भर घालावयास. दर्शनाला आलेल्या एक-दोन वृद्ध महाजनांनी माझी बदललेली जागा पाहिली. एकांनी हळहळून मान हालविली. मखर झुलू लागले. लय चढली. पुतण्या वरच्या षड्जाकडे निघाला. मी डोळे मिटून सूर घट्ट धरून होतो. तो जागेवर आला, क्षणभर तेथे उभा राहिला, आणि केसभरसुद्धा वर गेला नाही. गेल्या वर्षी माझा वारा सुटला ती जागा हीच, हे माझ्या लक्षात आले तेव्हा ती मागे पडून गेलेली होती. पाठीमागच्या मुलाचा सूर डळमळू लागला होता आणि माझे सारे लक्ष त्याच्याकडे होते.

शेवटचे हेलकावे चालू असताना पुतण्याने एका हाताने ती दुसरी सनई उचलून माझ्यासमोर धरली. तिची पत्ती भिजविलेली होती. ती त्याने केव्हा भिजविली कोण जाणे. मी मानेनेच नको म्हटले. मखर अजून थांबलेले नव्हते, आणि माझा उजवा गाल वाऱ्याने भरलेला होता.